बॅनर उतरल्यावर

हैदराबाद-सिकंदराबादेत अपंगांसाठी किंवा मनोरुग्णांसाठी काम करणाऱ्याला प्रशिक्षणाची कधी वानवा नसते. बोवेनपल्लीच्या मनोविकासनगरात १९८४ पासून केंद्र सरकारची बौद्धिक अपंगांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. आम्ही शिकलो तेव्हा ती एनआयएमएच होती, आता एनआयईपीआयडी झाली आहे. दिलसुखनगरकडे ठाकूर हरिप्रसाद संस्था साठच्या दशकापासून, सिकंदराबादेत स्वीकार-उपकार सत्तरच्या दशकापासून, एर्रागड्ड्याला सरकारी मनोरुग्णालय, आणि गल्लीबोळांतल्या लहान-मोठ्या स्वयंसेवी संस्था तर किती. महिन्यातून एखादी कार्यशाळा कुठे ना कुठे चालूच असते. दारात बॅनर, आत समई, पाहुण्यांना रोपटं, प्रत्येकाला फाइल-पॅड-पेन, अकराला चहा आणि उस्मानिया बिस्किटं, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. या फोटोंत मी आधी मागच्या रांगेत उभी असायची, मग मधल्या, आणि गेली बरीच वर्षं पुढे खुर्चीत बसलेली असते. विद्यार्थिनी, विशेष शिक्षिका आणि मग शिक्षकांना, आयांना, अंगणवाडीच्या बायकांना शिकवणारी, असा माझा प्रवास. एवढं सगळं पाहून माझं एक मत पक्कं झालंय: हॉलमध्ये जे होतं ते फार तर निम्मं. शिकलेला माणूस आपल्या जागी परत गेल्यावर पुढच्या सहा महिन्यांत कुणी त्याच्या शेजारी जाऊन उभं राहिलं का, यावर बाकीचं ठरतं.

माझं माहेर काचीगुड्याचं. घरात मराठी, शाळेत मराठी, गल्लीत दखनी, भाजीवाल्याशी तेलुगू. या तीन भाषांवर पुढे आपलं पोट चालणार आहे हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. बी.ए. झाल्यावर काय करायचं ठरत नव्हतं. नात्यातल्या एका मुलाला घेऊन बोवेनपल्लीला जायचं काम माझ्याकडे आलं आणि व्हरांड्यात बसून बसून तिथला डिप्लोमा करावासा वाटला. त्या काळी तो एका वर्षाचा होता.

त्या वर्षातल्या व्याख्यानांतलं मला आज फारसं आठवत नाही. आठवतं ते शर्टाचं बटण. मुलाला शर्ट घालायला शिकवायचा तर त्याचे तुकडे पाडायचे: शर्ट उचलणं, सुलटा धरणं, उजवा हात बाहीत घालणं, असं करत शेवटच्या बटणापर्यंत. मग आमच्या बाई म्हणाल्या, आता शेवटापासून शिकवा. म्हणजे सगळा शर्ट तुम्ही घाला, एकच बटण अर्धं काजात सरकवून ठेवा, आणि ते ओढून घ्यायचं काम मुलाचं. बटण बाहेर आलं की काम पुरं, शाबासकी त्याला. दुसऱ्या आठवड्यात दोन बटणं. सुरुवातीपासून शिकवलं तर मूल पहिल्या पायरीवरच अडकतं आणि उरलेलं आपण घाईघाईने उरकतो. त्याच्या वाट्याला रोज अर्धवट सोडलेलं काम येतं. शेवटापासून गेलं की रोज त्याच्याच हातून काम संपतं. बाईंनी हे फळ्यावर सांगितलं आणि मग प्रत्येकीला एकेक मूल दिलं. आम्ही करत असताना त्या मागे उभ्या. माझा हात मुलाच्या हातावर जरा जास्त वेळ राहिला की मागून बोटाने खांद्यावर टकटक. आजही कुणाला मदत करताना ते बोट मला खांद्यावर जाणवतं.

दुसरी गोष्ट म्हणजे रेकॉर्ड. आम्ही लिहायचो: ‘मुलगा हट्टी आहे’, ‘चिडका आहे’, ‘लक्ष देत नाही’. वही परत यायची तेव्हा अशी प्रत्येक ओळ लाल पेनने काट मारलेली असायची आणि समासात एकच शेरा: काय केलं ते लिहा. कधी केलं, त्याच्या आधी काय झालं, नंतर काय झालं. तेव्हा तिथे भारतीय मुलांसाठी वर्तनाची मोजपट्टी तयार करण्याचं काम चालू होतं. ती १९९२ मध्ये बेसिक-एमआर नावाने छापून आली. त्याआधी मद्रासची १९७५ ची पद्धत वापरात होती, अठरा क्षेत्रं आणि प्रत्येकात वीस बाबी. यादी कुठलीही असो, भरणारा डोळा तयार नसेल तर तिचा उपयोग हजेरीपटाइतकाच.

डोळा तयार होणं म्हणजे काय ते मला माझ्या पहिल्या नोकरीत उमगलं. शाळा लहान, वर्ग एका घराच्या हॉलमध्ये. एक मुलगा मणी ओवायला बसवला की मण्यांची ताटली भिरकावून द्यायचा. सगळे म्हणायचे, याला मूड येतो. मी आठवडाभर नुसतं लिहिलं. ताटली भिरकावली की शिक्षिका त्याला वर्गाबाहेर बसवायची. बाहेर फाटकावर वॉचमन होता, प्रेमळ माणूस; तो त्याला फाटकाची कडी उघडू-लावू द्यायचा. सोमवारी ताटली, मग कडी. मंगळवारी ताटली, मग कडी. ज्या दिवशी वॉचमन रजेवर, त्या दिवशी एकदाच ताटली उडाली, नंतर नाही. मूड वगैरे काही नव्हता. मुलाने आम्हाला चांगलं शिकवून ठेवलं होतं. मग आम्ही कडी त्याला कामाचा मोबदला म्हणून दिली. आधी पाच मणी, मग कडी. पुढे दहा. वर्षअखेरीस शाळा सुटताना फाटक उघडायचं काम त्याचंच झालं. वॉचमनला हे सगळं समजावून सांगायला मात्र मला तीन वेळा बसावं लागलं, आणि खरं प्रशिक्षण तेच होतं असं मी मानते. त्याला कुणी कार्यशाळेला बोलावलं नसतं.

मराठवाड्यातून येणारे आईबाप हा माझ्या कामाचा मोठा हिस्सा. नांदेड, देगलूर, परभणी, जालना या बाजूच्या लोकांना पुणे-मुंबई लांब आणि हैदराबाद जवळ. जुन्या निजाम राज्याची सवय रेल्वेने अजून टिकवली आहे. अजिंठा एक्सप्रेसने सकाळी उतरायचं, स्टेशनवरच तोंड धुवायचं, लेकराला कडेवर घेऊन बोवेनपल्लीची बस धरायची. तिथे तेलुगू-हिंदीत गाडं अडलं की कुणीतरी म्हणायचं, त्या मराठी मॅडमकडे जा. बुद्धीच्या चाचण्यांनाही मराठी माती लागलेली आहे: बिने-कामत ही व्ही. व्ही. कामतांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतलेली, आणि व्हाइनलँडची सामाजिक पक्वतेची मोजपट्टी फादर मालिन यांनी नागपुरात बसून भारतीय मुलांना लावून घेतलेली. पण मोजपट्टी मराठी असून भागत नाही, विचारणारा शहाणा लागतो.

व्हाइनलँडमध्ये मुलाची परीक्षा होत नाही, आईला विचारायचं असतं. माझ्या हाताखालची मुलगी विचारायची, “आपल्या हाताने जेवतो का?” आई म्हणायची, “जेवतो की.” खूण झाली. मग मी म्हणायची, “काल दुपारी काय खाल्लं याने?” “भाकर आन् वरण.” “कुठं बसून?” “माझ्या म्होरंच.” “भाकर कुणी कुस्करली?” “म्याच की.” “घास?” यावर आई थोडी हसायची. “दोन घास त्याचे, बाकी म्याच भरवते. उशीर होतो न् रानात जायला.” आई खोटं बोलत नव्हती. ‘येतं का’ विचारलं की माणूस लेकराची बाजू घेतो. ‘काल काय झालं’ विचारलं की कालचा दिवस सांगतो. एवढा एक बदल शिकवायला मी प्रत्येक तुकडीमागे अर्धा दिवस घालवते आणि तो वाया जात नाही.

दुसरा प्रश्न आईबापांकडून यायचा: “मॅडम, किती टक्के बसतील?” तेव्हाच्या नियमांत अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर बुद्ध्यांकाच्या गटाप्रमाणे टक्के ठरलेले होते, सौम्य म्हणजे पन्नास, मध्यम म्हणजे पंच्याहत्तर, तीव्र म्हणजे नव्वद. नव्याने आलेल्या प्रशिक्षणार्थींना हा प्रश्न लागायचा. लेकराच्या सुधारणेचं विचारायचं सोडून टक्के काय विचारता, असा त्यांचा सूर. मी त्यांना त्याच आईबापांचं गाडीभाडं, बुडालेली दोन दिवसांची मजुरी आणि धाकट्या मुलाला शेजारी ठेवून आल्याचं मांडायला लावायची. रेल्वेची सवलत सोबतच्या माणसालाही मिळते, ती त्या प्रमाणपत्राच्या कागदावर अवलंबून आहे. तो कागद नसेल तर पुढच्या तपासणीला ते येणार नाहीत, आणि आले नाहीत तर तुमची सुधारणा कुणाची करणार? टक्क्याचा प्रश्न हा उपचाराचाच भाग आहे, हे मला पाठ्यपुस्तकात कुठे सापडलं नाही.

१९९२ मध्ये भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा आला. या क्षेत्रात काम करायचं तर मान्य प्रमाणपत्र हवं, नोंदणी हवी. तत्त्व चांगलंच होतं. तोवर कुणीही उठून ‘थेरपिस्ट’ पाटी लावत होतं. पण अडचण अशी की देशभरातल्या विशेष शाळा ज्यांच्या जिवावर चालत होत्या त्या बायकांकडे कसलंच प्रमाणपत्र नव्हतं. त्यांच्यासाठी नव्वदीच्या अखेरीला परिषदेने ब्रिज कोर्स काढला, महिनाभराचा. मला तो शिकवायला बोलावलं आणि माझ्या कामाची दिशा तिथे बदलली.

त्या तुकडीत जुन्या शहरातली एक बाई होती. एका शाळेत आया म्हणून लागली आणि शिक्षिका सोडून गेल्यावर वर्गच सांभाळू लागली. वय माझ्या आईच्या आसपास. छापील टिपणं इंग्रजीत; ती ते पान उलटंही धरत नव्हती, घडी घालून पिशवीत ठेवायची. शौचाच्या सवयीचा धडा चालू होता. मी सांगत होते की आठ-दहा दिवस मुलाच्या वेळा टिपायच्या आणि त्या वेळेच्या जरा आधी त्याला घेऊन जायचं. ती मागून म्हणाली, “देखो अम्मा, बच्चा खेलते-खेलते ऐसा रुक जाता नां, कोने में देखता, एक पाँव पे होता. वहीच टैम.” मग उभी राहून तिने करून दाखवलं. तसंच. मुलं खरोखर तशीच थांबतात. मी हजार वेळा पाहिलं होतं आणि माझ्या एकाही वहीत ते लिहिलेलं नव्हतं. उरलेला तास तिने घेतला. तरण्या बी.एड. मुली आधी खुसफुसत होत्या, मग वह्या काढून उतरवून घेऊ लागल्या.

तिला शिकवण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं असं मात्र मुळीच नाही. नंतर मी तिच्या शाळेत गेले तेव्हा कळलं की ती रजेवर गेली की त्या दिवशी सगळ्या मुलांच्या चड्ड्या ओल्या. तिचं ज्ञान तिच्या डोळ्यांत होतं आणि तिच्याबरोबरच घरी जात होतं. आम्ही दोघींनी मिळून भिंतीवर तक्ता लावला. मुलाचा फोटो, पुढे घड्याळाची चित्रं, लाल टिकली म्हणजे कोरडा, निळी म्हणजे ओला. लिहिण्याचा प्रश्नच नाही. दोन महिन्यांनी तिची सून तो वर्ग बघत होती आणि तक्त्यावर लाल टिकल्या होत्या. मला वाटतं प्रशिक्षणाने द्यायची मुख्य गोष्ट हीच: ज्याला येतं त्याच्याकडून दुसऱ्याच्या हातात जाईल अशी वाट करून देणं. आणि ती वाट हॉलमध्ये सापडली नसती, कारण हॉलमध्ये सूनही नव्हती आणि चड्ड्याही नव्हत्या.

त्याच सुमारास मानसिक आजारांच्या कामाशी माझा संबंध आला. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, बेल्लारीत त्याचा जिल्हापातळीवरचा प्रयोग झाला, आणि १९९६ मध्ये जिल्हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा पहिल्या चार जिल्ह्यांत आमच्या शेजारचं मेदक होतं. कल्पना सरळ: मनोविकारतज्ज्ञ मूठभर, म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर, आरोग्यसेविका, अंगणवाडीच्या बायका यांना ओळखायला शिकवायचं. स्वयंसेवी संस्थाही अशी शिबिरं घेऊ लागल्या आणि तेलुगूत बोलणारी, बायकांत मिसळणारी म्हणून मला बोलावणं यायचं. प्रोजेक्टरवर काचेसारखे कागद ठेवून आम्ही लक्षणं दाखवायचो: एकटं बोलणं, झोप जाणं, संशय, अंघोळ सोडणं.

एका मंडलात (जिल्हा कुठला ते राहू दे) शिबिर इतकं छान झालं की महिन्याभरात कार्यकर्त्यांनी गावोगावची यादी करून आणली. नावं, वयं, किती वर्षांपासून, सगळं. आणि केंद्रात गोळ्या नव्हत्या. त्या महिन्यातही नव्हत्या, पुढच्या महिन्यातही नव्हत्या. घरच्यांना आशा लावून दिली ती या बायकांनी; शिव्या खाल्ल्या त्याही त्यांनीच. पुढच्या शिबिराला त्यांतल्या निम्म्या आल्या नाहीत. अहवालात ते शिबिर यशस्वी म्हणून गेलं, कारण अहवालात उपस्थितीचा रकाना होता आणि गोळ्यांचा नव्हता. तेव्हापासून कुणी ‘ओळखायला शिकवा’ म्हणून बोलावलं की मी आधी विचारते, ओळखल्यावर पाठवायचं कुठे? उत्तर नसेल तर नम्रपणे नाही म्हणते. मला काही लोक आगाऊ समजतात. समजू देत.

६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला आग लागली. दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका आश्रमात साखळीने बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण जळून गेले. सगळा देश हादरला, सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली. आमच्या शिबिरांत मानवी हक्कांचं सत्र आलं. अशाच एका सत्रानंतर एक कार्यकर्ती हळूच येऊन म्हणाली, “अक्का, आमच्या गावातही एक बांधलेला आहे.”

आम्ही गेलो. गोठ्याच्या कडेला तिशीतला माणूस, पायाला गुरांचं दावं. आई तिथेच शेणी थापत होती. आमच्याबरोबर शहरातला एक तरुण होता, समाजकार्याची पदवी घेतलेला; त्याने फाइल उघडली होती. पण तो बोलायच्या आत कार्यकर्ती आईशेजारी बसली आणि तिने विचारलं, “रात्री तुम्ही झोपता कधी?” बस्स. तासभर ती आई बोलत होती. मुलगा दोनदा हमरस्त्यावर गेला होता, एकदा लॉरीखाली जाता जाता वाचला. दावं त्यानंतरचं. नवरा नाही, थोरला मुलगा हैदराबादला सुताराच्या हाताखाली.

एर्रागड्ड्याच्या बाह्यरुग्ण विभागात आम्ही त्याला नेलं. (हे इस्पितळ निजामाच्या काळात जालन्याला होतं, नंतर इकडे आलं. हैदराबादेत आता एर्रागड्डा हे नाव शिवीसारखं वापरतात, त्यामुळे तिथे नेतो म्हटलं की नातेवाइकांची तोंडं उतरतात. ‘मोठ्या दवाखान्यात’ म्हणायचं, हे कार्यकर्त्यांनीच मला शिकवलं.) गोळ्या सुरू झाल्या. आधी झोप आली, मग थरथर आली, तेव्हा आईने गोळ्या बंद केल्या. कार्यकर्ती गेली, विचारलं, परत डॉक्टरांकडे नेलं, थरथरीची गोळी मिळाली. पुन्हा बंद झाल्या, कारण बसभाड्याचे पैसे नव्हते. पुन्हा सुरू झाल्या. दावं आधी दिवसा सुटलं, नंतर रात्री. माणूस पूर्वीसारखा झाला असं मी म्हणणार नाही. गुरांमागे जाऊ लागला, एवढं खरं. या सगळ्यात प्रशिक्षणाचा वाटा किती? थरथर हा गोळीचा परिणाम आहे आणि त्यावर उपाय आहे, हे त्या कार्यकर्तीला हॉलमध्ये कळलं होतं. ‘झोपता कधी’ हे तिचं स्वतःचं. आणि गोळ्या बंद झाल्या की मला फोन करायचा, हे आमच्यात ठरलेलं होतं म्हणून जमलं. तिच्या गावात फोन एकच होता, किराणा दुकानात.

या अनुभवांनंतर मी पाच दिवसांचं शिबिर घेणं हळूहळू सोडलं. दोन दिवस हॉल, मग महिन्यातून एकदा प्रत्येकीच्या गावी किंवा शाळेत जाऊन तिचं काम तिच्या शेजारी बसून बघायचं, आणि दर दोन महिन्यांनी सगळ्यांनी एकत्र बसून अडलेलं सांगायचं. यात नवल काही नाही. गोव्यात ‘संगथ’ या संस्थेने आरोग्य केंद्रांमध्ये साध्या पदवीधर मुलींना समुपदेशन शिकवून नैराश्यावर काम केलं, त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये लॅन्सेटमध्ये आले आणि जगभर गाजले. सरकारी केंद्रांतल्या रुग्णांना या मुलींचा फायदा झाला, हे सगळे सांगतात. त्या मुलींच्या कामावर सतत देखरेख होती, अडलं तर विचारायला माणूस होतं, हे भाषणात सहसा गाळलं जातं. स्वस्त भाग तेवढा उचलायचा ही आपली जुनी खोड.

सीआरईबद्दल, म्हणजे पुनर्वास परिषदेच्या निरंतर शिक्षणाबद्दल, बोलल्याशिवाय राहवत नाही. नोंदणी चालू ठेवायची तर ठरावीक वर्षांनी शिकत राहिल्याचे गुण दाखवावे लागतात. हेतू उत्तम. प्रत्यक्षात मी अशी सत्रं पाहिली आहेत जिथे सकाळी सही, अकराचा चहा, आणि दुपारच्या सत्राला वक्ता आणि पंखा. मागे बसलेल्यांना दोष देण्यात अर्थ नाही. खासगी विशेष शाळेतली शिक्षिका तुटपुंज्या पगारात स्वतःच्या खर्चाने रजा घेऊन आलेली असते, आणि समोर जो विषय चालू आहे तो तिने दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या हॉलमध्ये ऐकलेला असतो, बहुधा त्याच स्लाइड्सवरून. शिकवून तयार केलेल्या कितीतरी मुली माझ्या डोळ्यांदेखत निघून गेल्या: काही सरकारी शाळांच्या भविता केंद्रांत, म्हणजे अपंग मुलांसाठीच्या वर्गांत, कंत्राटी शिक्षिका म्हणून, काही बँकेत, एक तर विमा एजंट झाली आणि माझाच विमा उतरवून गेली. पगाराचं न बोलता ‘सेवाभाव’ शिकवणाऱ्या सत्राला मी बसत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत सगळं फोनवर आलं. गाड्या बंद, त्यामुळे मराठवाड्यातले पालक तिकडेच अडकले. मी वैतागले होते; हाताला हात न लावता काय शिकवणार? पण बिलोलीकडच्या एका आईने फोन चुलीशेजारी डब्याला टेकवून ठेवला आणि मला पहिल्यांदा तिचं घर दिसलं. तीन वर्षं आम्ही त्या मुलीला नळाखाली हात धुवायला शिकवत होतो, ती शिकत नव्हती. घरात नळ नव्हताच. रांजण, त्यावर तांब्या. एका हाताने तांब्या कलता करून दुसरा हात धुवायचा ही वेगळीच करामत आहे, तिचे तुकडेही वेगळे. आमच्या तपासणीच्या अर्जात पाण्याच्या सोयीबद्दल प्रश्न होता, आणि त्यावर दर वर्षी कुणीतरी ‘आहे’ लिहीत आलं होतं. पुढच्या तुकडीपासून मी प्रत्येक प्रशिक्षणार्थीला एका घराचा फोनवरून फेरफटका सक्तीचा केला: मोरी, चूल, अंथरूण, दाराची कडी. त्याआधी कार्यक्रम लिहायचा नाही.

अलीकडे पालकांचा एकच विषय असतो, आमच्या मागे काय. मी पहिल्यांदा पाहिलेली मुलं आता चाळिशीकडे आली आहेत, आईबाप सत्तरी ओलांडलेले. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती कायदेशीर पालक नेमू शकते, निरामय आरोग्य विम्यात लाखापर्यंतचा खर्च मिळतो. पण अर्ज कुठे द्यायचा हे जिल्ह्याच्या ठिकाणीही दहा जणांना विचारावं लागतं. म्हणून गेल्या तुकडीत मी कार्यकर्त्यांना अर्ज शिकवला नाही. प्रत्येकीने एका कुटुंबाला घेऊन तो प्रत्यक्ष दाखल करायचा, आणि पोच मिळाली की प्रशिक्षण पुरं, असं ठरवलं. काहींची पोच दोन आठवड्यांत आली. एकीची आठ महिन्यांनी. त्या आठ महिन्यांत ती जे शिकली ते मला शिकवता आलं नसतं, कारण कुठल्या टेबलावर कोणती फाइल कशी थांबते हे मलाच ठाऊक नव्हतं. आता ती इतरांना तेवढंच शिकवते, दुपारच्या सत्रात, आणि कुणी उठून जात नाही.

या वर्षीच्या प्रस्तावात मी हॉल, बॅनर आणि फाइलींचा खर्च काढून तो प्रवासभत्त्यात टाकला. डझनभर कार्यकर्त्या, वर्षभर भेटी. देणगीदारांकडून फोन आला. पलीकडचा तरुण सभ्यपणे बोलत होता. एवढ्या पैशात इतर संस्था दोनशे लोकांना प्रशिक्षण देतात, तुमचे बाराच कसे? मी त्याला रांजणाचं सांगितलं, दाव्याचं सांगितलं, पोचेचं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मॅडम, मला पटतंय, पण माझ्याकडे रकाना एकच आहे. प्रस्ताव निम्म्या रकमेवर मंजूर झाला. मी सहा कार्यकर्त्या घेतल्या आणि भेटी होत्या तितक्याच ठेवल्या.